हात मागे बांधलेला भाडेकरू

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी पुण्याला एम.ए.ला प्रवेश घेतला. विषय भाषाविज्ञान आणि त्याला जोडून संज्ञानात्मक चिन्हमीमांसा. माणसं शब्दांनी, हातांनी, नजरेनं एकमेकांना अर्थ कसा पोचवतात आणि तो समोरच्याच्या डोक्यात कसा उभा राहतो, याचा हा अभ्यास. शिक्रापुरातल्या माझ्या सासरी मी तो अशाच सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात नवऱ्यानं जेवताना तो एका वाक्यात उरकला. म्हणाला, "हात कसे हलतात ते बघून माणूस काय लपवतोय ते हिला कळतं."

तो गमतीनं बोलला होता. घरानं ते खरं धरलं.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी बोलताना हात पदराखाली घेऊ लागल्या. शेजारच्या बायका ओट्यावर बसलेल्या असायच्या, मी कॉलेजहून आले की विषय बदलायचा. आधी मला हसू यायचं. पुढं पुढं मीच विचार करायला लागले, की यांच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय. यवतला माहेरी गेले तरी तेच. आईनं विचारलं, "आमचं पन बघतीस का गं?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही.

प्रबंधासाठी मी माणसांना घरापासून बसस्टँडपर्यंतचा रस्ता सांगायला लावायचे आणि सांगताना त्यांचे हात कुठं वळतात ते मोबाइलवर टिपायचे. हे काम शिक्रापुरात करणं म्हणजे दिव्य. कुणी विचारायचं, रस्त्याच्या रुंदीकरणात आमचं दुकान जातंय का? कुणी विचारायचं, तुम्ही विमावाल्या का? एका मामांनी सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता ह्ये पुसून टाका." मी त्यांच्यासमोरच पुसलं. तरी ते माझ्या मोबाइलकडे बघत उभे राहिले. आमच्या मॅडम वर्गात वारंवार सांगायच्या, की हातावरून खोटं पकडता येत नाही, तसा दावा करणाऱ्यापासून लांब राहा. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, पण ते वाक्य घरी कुणाला ऐकायचंच नव्हतं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. रस्त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी कंपन्यांतल्या कामगारांसाठी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. एका सकाळी तिथल्या हौदावरची पाण्याची मोटर गायब झाली. बोल्ट सावकाश, पान्यानं काढलेले होते. आबा म्हणाले, हे आतल्या माणसाचंच काम. संध्याकाळी त्यांनी सगळ्या भाडेकरूंना अंगणात बोलावलं आणि मला म्हणाले, "तू खुर्ची घिऊन बस. बोलायचं काय न्हाई. नुसतं बघ."

मी म्हटलं, "आबा, माझ्या अभ्यासातून चोर नाही सापडत."

"मग काय सापडतं?"

याचं उत्तर एका वाक्यात मला तेव्हाही देता आलं नाही. निदान उलटसुलट काही झालं तर बोलता येईल, म्हणून मी जाऊन बसले.

एकेक जण पुढं येऊन सांगत होता. कुणाची रात्रपाळी होती, कुणी गावी गेलेला होता. सगळे आबांशी बोलत होते आणि माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होते. म्हणजे माझी ख्याती खोल्यांपर्यंत पोचली होती. मग एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग करणारा बिहारकडचा माणूस पुढं आला. दोन्ही हात त्यानं पाठीमागे बांधले होते. बोलून होईपर्यंत ते त्यानं सोडले नाहीत. मला सासूबाईंचा पदर आठवला. हाही मला घाबरूनच हात लपवतोय, असं वाटलं आणि मी त्याच्याकडे बघत राहिले.

आबा माझ्याकडे बघत होते.

"बास," ते म्हणाले. "जावा समदे."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी त्या वेल्डिंगवाल्याला खोली सोडायला सांगितलं होतं. मी त्यांना गाठलं आणि स्पष्ट सांगितलं, की मला काहीही कळलेलं नाही, मी कुणालाही ओळखलेलं नाही.

"बघत हुतीस का न्हाई त्याच्याकडं?"

"बघत होते, पण..."

"मग झालं की."

नवरा म्हणाला, तू यात पडू नकोस, आबांचा निर्णय आहे. मी खोल्यांकडे गेले. तो माणूस गादी गुंडाळत होता. त्यानं मला बसायला सांगितलं नाही. मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, आबांना काय वाटलं, मला काय वाटलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाभी, मालिक के सामने हम हाथ पीछे ही रखते हैं. बचपन से."

एवढं साधं असेल? माझ्या मनात लगेच आलं, की हे त्यानं आता जुळवून सांगितलं नसेल कशावरून? त्या विचाराची मला तिथंच चीड आली, पण तो आला होता हे खरं. मी त्याला विचारलं, हे मी माझ्या अभ्यासात लिहू का, नाव न घालता. त्यानं गादीला दोरी बांधली, मग हो म्हणाला आणि नंबर दिला.

संध्याकाळी पाण्याच्या टँकरजवळ सगळे भाडेकरू बादल्या घेऊन उभे होते. आबाही होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की काल मी कुणाचीही चोरी ओळखलेली नाही, मला ती विद्या येत नाही, आणि कुणी माझ्या नावावर कुणाला काढू नये. आबांनी टँकरवाल्याला पाइप हलवायला सांगितला. रात्री त्यांनी सासूबाईंकरवी निरोप दिला, की त्याला राहायचं तर राहू दे. पण तो आठवडाभरात रांजणगावच्या बाजूला निघून गेला.

प्रबंधात मी मोठ्यांसमोर उभं राहण्याच्या पद्धतींवर एक प्रकरण लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, खुणेचा अर्थ तुम्हाला कळला कसा? मी म्हटलं, विचारून. ते म्हणाले, आणि समोरचा खोटं बोलला तर? मी म्हटलं, तर माझं प्रकरण चुकीचं. त्यांनी पान उलटलं. मी पास झाले.

निकालानंतर आबा मला गाडीतून यवतला सोडायला निघाले. सोबत पेढ्यांचा बॉक्स होता. चौफुल्याला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी अचानक सांगितलं, की मोटर त्यांच्या पुतण्यानंच काढून भंगारात विकली होती. भंगारवाल्यानंच आबांना सांगितलं.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"भंगारवाल्यानं दिवाळीत सांगितलं." मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "शंका मला पयल्यापासून हुती. पर घरातल्या मानसाला चारचौघांत कसं इचारायचं?"

"म्हणून मला बसवलं?"

"तू त्याच्याकडं बघितलंस. मला सोपं गेलं."

म्हणजे माझी नजर वाचण्यात त्यांची चूक झालीच नव्हती. त्यांना एक नजर हवी होती, कुणाचीही चालली असती. माझी तेवढी शिकलेली होती. मी विचारलं, त्या माणसाला कळवलं का? आबा म्हणाले, त्याचा नंबर कुठाय आता.

माझ्याकडे होता. यवतला पोचल्यावर गच्चीवर जाऊन मी फोन लावला. चोर सापडला, तुमच्यावर आळ आला ते चुकीचं होतं, असं सांगितलं. पलीकडून ग्राइंडरचा आवाज येत होता, तो थांबला.

"ठीक है, भाभी," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "ये फोन रिकॉर्ड तो नहीं हो रहा?"

मी नाही म्हटलं. त्यानं परत एकदा विचारलं.