सहा वर्षांचा खाडा

छातीवर हात ठेवून सांगा, तुमचा शेवटचा खाडा कधी पडला? कारखान्यातला विचारत नाही. तो मुकादम लिहूनच ठेवतो. जिथं तुम्ही उभं असायला हवं होतं आणि नव्हता, तो खाडा विचारते आहे.

सुरतमधल्या भेस्तानच्या आमच्या चाळीत हा प्रश्न स्टॉपरकाका विचारायचे, नमस्काराच्या जागी. दुधाची पिशवी घेऊन निघालेल्या माणसालाही ते सोडायचे नाहीत. "काय बाप्पा, आज खाडा नाही ना?" त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, पण त्यांची बायकोसुद्धा त्यांना स्टॉपर म्हणायची. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून समोरच्याचा हल्ला शेवटी अडवणारा खेळाडू. काका उंच, खांद्यात थोडे वाकलेले, आणि चालताना सारखी मान वळवून मागं बघणारे. बाजारात जातानाही. मी एकदा विचारलं, "काका, मागं कोण लागलंय तुमच्या?"

"मागं आपला गोली असतो पोरी," ते म्हणाले. "तो जागेवर आहे का, ते बघत राहावं लागतं. नाहीतर पुढं बघून काय करतो माणूस?"

ते भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले. वडील लोको शेडमध्ये, घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखाली फुटबॉलचे बूट. बूट पायरीवर ठेवलेले त्यांना चालायचे नाहीत. पलसाण्याच्या एका साड्या रंगवणाऱ्या प्रोसेस मिलच्या शेठला फुटबॉलचा नाद होता. त्यानं काकांना खेळण्यासाठी सुरतला आणलं. कागदावर मात्र काका फोल्डिंग खात्यातले कामगार होते. टीममधले सगळेच असे कुठल्या ना कुठल्या खात्यात लिहिलेले. दुपारी दोनला ते मैदानावर प्रॅक्टिसला असायचे आणि मस्टरवर खात्यातली हजेरी लागायची. काकांनी सहा वर्षांत एकाही साडीची घडी घातली नव्हती. काकू थट्टा करायच्या, "फोल्डिंगमधला माणूस, अन् घरातलं अंथरूण मी घडी करते!"

फोल्डिंग खात्यातून त्यांनी एकच गोष्ट आणली होती. साडी गुंडाळायचा लांबट पुठ्ठा. तो दारामागं खिळ्याला टांगलेला असे आणि त्यावर रंगीत खडूनं प्रॅक्टिसचे खाडे लिहिलेले असत. नाव, वार, कारण. कारण लिहायचा त्यांचा आग्रह होता. "खाडा कोणाचाही पडतो," ते म्हणायचे, "पण कारण खोटं लिहिलं तर तो दुसऱ्या दिवशीही पडतो." प्लेगाच्या वेळी अर्धी सुरत गाड्यांना लोंबकळून पळाली, तेव्हा तेही बायकापोरांना घेऊन भुसावळला गेले. परतल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. पुढं दिवस. पुढं कारण: 'भ्यालो.'

तो शब्द वाचून मला हसू आलं होतं. आमच्या घरात असा शब्द कुणी लिहीत नसे. माझे बाबा लूम कामगार आणि युनियनचे माणूस. आमच्याकडे देवघराच्या जागी पत्रकांचे गठ्ठे होते. 'कामगार बंधूंनो' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. पुढं कॉलेजात गेल्यावर बाबांची पत्रकं मीच लिहू लागले. आमच्या पत्रकांत माणसं दोनच प्रकारची असत, लढणारी आणि गद्दार. भ्यालेल्या माणसाला आमच्याकडे रकाना नव्हता.

जिंकण्याबद्दल काकांचं मत मला मुळीच पटायचं नाही. मी विचारायचे, "शेठच्या नावासाठी जिंकून तुम्हाला काय मिळतं?" ते म्हणायचे, "शेठचं नाव कपावर असतं पोरी. चेंडूवर कुणाचं नाव नसतं." एकदा समोरच्या टीमचा पोरगा पाय मुरगळून पडला, तर यांनी चेंडू बाहेर मारला आणि मॅच घालवली. मॅनेजर चिडला. काका शांतपणे म्हणाले, "दहाजणांशी काय जिंकायचं, साहेब?" मी त्याला भाबडेपणा म्हणायचे. पण त्यांची एक श्रद्धा मात्र मला खरंच धोक्याची वाटायची. ते म्हणायचे, "आधी जिंकायचं, मग मागायचं. जिंकलेल्याचं शेठ ऐकतो."

मग युवराजचं झालं.

युवराज त्यांचा गोली. धुळ्याकडचा, घरात अहिराणी बोलणारा, हसरा. त्याचं नाव जेट मशिनच्या खात्यात लिहिलेलं, पण मशीन त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जेट म्हणजे बंद हंडा. आत उकळत्या रंगात कापड फिरतं. त्या मंगळवारी माल निघायची घाई होती, म्हणून त्यालाही मशिनवर उभं केलं. दोन वाजता युवराज मैदानावर आला नाही म्हणून काका तणतणत मिलमध्ये गेले. तो मशिनपाशी उभा होता, घामानं निथळत.

"दादा, सुपरवायझरनी माले सोडंच नही," तो म्हणाला.

"आज नहीं मिलेगा तुम्हारा गोली," सुपरवायझर ओरडला. काका परत आले आणि रागारागात पुठ्ठ्यावर लिहिलं: 'युवराज. मंगळवार. कामावर अडकवला.' त्यानंतर तासाभरात हंड्याचं झाकण वेळेआधी उघडलं आणि निळा उकळता रंग युवराजच्या दोन्ही हातांवर आला.

मिलनं काय केलं? त्या दिवशीच्या मस्टरवर त्याचा खाडा लावला. तो कामावर नव्हताच, दोस्तांना भेटायला आत घुसला, असं मॅनेजर सांगू लागला. खात्यातले बाकीचे कामगार खाली मान घालून बसले. त्या दुपारी युवराजला मशिनवर डोळ्यांनी पाहिलेला आणि बोलू शकेल असा माणूस एकच होता. सोमवारी लेबर ऑफिसात सुनावणी होती. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, फायनल.

बाबा आणि मी त्यांच्याकडे गेलो. "सही करा," मी कागद पुढं केला. काका पुठ्ठ्याकडे बघत राहिले. "शेठ बोललाय," ते म्हणाले, "जीतीने आवो, पछी जोईशुं. जिंकून या, मग बघू. रविवारपर्यंत थांब पोरी. आज बोललो तर टीम जाते. दहाजणांच्या चुली आहेत."

"आणि युवराजचे हात?"

त्यांनी मान वळवून मागं बघितलं. मागं नुसती भिंत होती.

ते चार दिवस मला जेवण गेलं नाही. युवराजला त्याची आई चमच्यानं पाणी पाजायची. हातांना बांधलेल्या पट्ट्यांवर निळा डाग उमटत राहायचा. रोज वाटायचं, काका येतील. चाळीत पावलं वाजली की मी दारात जायचे. ते सकाळी मैदानावर जात, संध्याकाळी घरी येत, कुणाला खाडा विचारत नसत. तेवढ्यानंच मी घाबरले. शनिवारी मी एकटीनं पत्रक लिहिलं, बाबांना न दाखवता. गुलाबी कागद, वर ठळक अक्षरं: 'मैदानावर वाघ, शेठपुढे शेळी!' खाली काकांचं वर्णन, आणि शेवटी आमचा नेहमीचा शब्द. गद्दार. तळाशी माझं नाव. मला ते शीर्षक फार आवडलं होतं, हेही इथं लिहिलं पाहिजे.

रविवारी मैदानाच्या दोरीपाशी मी ते वाटलं. काकांच्याही हातात एक गेलं. त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, चार घड्या घातल्या आणि मोज्यात सारलं. मग खेळले. बदली गोली कच्चा होता. काका प्रत्येक हल्ल्याला मागं वळून बघायचे आणि त्याच्याही वाटणीचं अडवायचे. टीम एका गोलनं जिंकली. शेठनं हार घातला. काकांनी हार तसाच गळ्यात ठेवून विचारलं, "शेठ, अब युवराज का?"

शेठ हसला. "एनो तो ते दिवसे खाडो हतो ने!" त्याचा तर त्या दिवशी खाडा होता ना, म्हणे.

मी पाच हातांवर उभी होते. काकांच्या तोंडावरचा रंग गेला. सहा वर्षं ज्या शब्दाला त्यांनी देवासारखं सांभाळलं, तोच शब्द शेठच्या तोंडून असा ऐकावा लागला. ते बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसले. बोलले नाहीत म्हणून मी आणखी चार पत्रकं वाटली.

सोमवारी लेबर ऑफिसच्या बाकावर युवराज, त्याची आई, बाबा आणि मी. मिलचे दोन वकील. अकरा वाजले, काका नव्हते. बाबांनी पत्रक एव्हाना पाहिलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. आपण लिहिलेल्या कागदामुळंच तो माणूस येणार नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं. आमचा पुकारा झाला. आम्ही आत गेलो.

आणि काका आले. काखेत साडीचा पुठ्ठा.

त्यांनी मंगळवारचं सगळं सांगितलं, पुठ्ठा टेबलावर ठेवला. मिलचा वकील हसत उठला. "साहेब, हा माणूस फोल्डिंग खात्यात काम करतो. मस्टरवर त्या दिवशी याची फोल्डिंगमध्ये हजेरी आहे. याला जेटमधलं काय माहीत?"

लेबर ऑफिसरसाहेबांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले:

"वो हाजिरी झूठी है, साहब. मैं फोल्डिंग में कभी था ही नहीं. मैं फुटबॉल खेलता था. मेरा छह साल का खाड़ा लिखो. और इस लड़के का एक दिन हाजिर लिखो."

वकील खाली बसला. साहेबांनी लिहून घेतलं. पुढं युवराजचा तो मंगळवार हजर लागला, आणि भरपाई, औषधपाण्याचा खर्च, सगळं त्याला त्यावरच मिळालं.

बाहेर पायऱ्यांवर काकांनी खिशातून माझं पत्रक काढलं. घामानं त्याचा गुलाबी रंग उतरला होता. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "गोल जोरात मारला वं पोरी. पण ऑफसाइड. चेंडू यायच्या आधीच पुढं पळाली तू." आणि हसले. मला माफी मागायची होती. माझ्या तोंडून 'बंधूंनो'सारखं काहीतरी निघालं असतं, म्हणून मी गप्प राहिले.

महिन्याभरात शेठनं टीम मोडली. काकांना काढलं, बरोबर आणखी पाचजणांना. त्या पाचजणांपैकी कुणीतरी काकांच्या दाराला एक कागद चिकटवला. नवा कागद लिहायची त्यांना गरजच पडली नाही. माझाच होता, गुलाबी. 'गद्दार' शब्दाखाली पेननं रेघ मारलेली. काकू तो खरवडत होत्या आणि काका म्हणत होते, "राहू दे. त्यांच्या चुली विझल्यात. त्यांचं कारण खरं आहे."

मी तेव्हाच नवं पत्रक काढायला हवं होतं. दारोदार जाऊन सांगायला हवं होतं, की माझं चुकलं. मी परीक्षेचं कारण काढलं. काकांना इच्छापोरला कंत्राटी काम मिळालं आणि एका सकाळी त्यांनी टेम्पोत सामान चढवलं. बूट सगळ्यात वर, काकूंच्या मांडीवर. टेम्पो निघाला तेव्हा त्यांनी सवयीनं मान वळवून मागं बघितलं. मी खिडकीच्या आत होते, पडद्यामागं.

आता ते इच्छापोरला नाहीत. कुणी सांगतं भुसावळला गेले, कुणी सांगतं गुडघा गेला. दारामागचा पुठ्ठा त्यांनी सुनावणीनंतर मला देऊन टाकला होता. त्यावर मी परवा माझं नाव लिहिलं. पुढं वार. पुढं कारण, जे लिहायचं धाडस व्हायला तीन वर्षं गेली: 'भ्याले.'

तेव्हा न काढलेलं नवं पत्रक ते हेच. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तो गुलाबी कागद अजून असेल. डब्याच्या तळाशी, फळीवर अंथरलेला, पोराच्या वहीला घातलेला. तो फाडू नका. माझं नाव त्यावर राहू द्या. फक्त 'गद्दार' शब्दावर काट मारा आणि शेजारी, ठळक, वाचता येईल असं लिहा: हजर. आणि भुसावळच्या बाजूला रस्त्यानं जाताना मान वळवून मागं बघणारा उंच माणूस कुठं दिसला, तर तो कागद त्याच्या हातात द्या. सांगा, मागं आहे कुणीतरी.