आत्यांना मागे बसवून केलेली पीएचडी

पीएचडी झाली की लोक प्रबंध बघायला मागतात. वाचत कुणीच नाही! दोन पानं उलटतात आणि म्हणतात, "ते राहू दे गं, गावोगाव फिरताना काय काय झालं ते सांग." सहा वर्षांत तेच तर साठलंय. परवा व्हायवा पार पडली, सुटले एकदाची. आता सांगायला हरकत नाही.

विषय समाजशास्त्राचा. शेतीचे निर्णय घेताना घरातल्या बाईला कितपत विचारतात? त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली गावं फिरायची. आमचं घर राजुरीचं. सासरे म्हणाले, "शिक की. पन अनोळखी गावात एकटी कशी जानार?" म्हणून सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, स्कूटरवर माझ्या मागे बसल्या. चौथी शिकलेल्या. मांडीवर फॉर्मची पिशवी.

*

पहिलीच मुलाखत आणे गावात. घरमालक ओट्यावर ऐसपैस बसलेले.

"यंदा शेतात काय लावायचं, हे कोण ठरवतं?"

"मीच! दुसरं कोन ठरवनार?"

मी फॉर्मवर टिक केली. "मग यंदा काय लावताय?"

ते मान वळवून आत ओरडले, "अगं ए, यंदा काय लावतोय आपन?"

परत येताना आत्या म्हणाल्या, "फुडच्या टायमाला पेन्सिल आन. पेननं लिवलं की खोडता येत न्हाई."

*

लोणीच्या एका काकू रेकॉर्डरसमोर तासभर एकच सांगत होत्या. "आमच्यात सगळं मला इचारूनच व्हतं. काई तक्रार न्हाई." मी आभार मानले, रेकॉर्डर बंद करून पर्समध्ये टाकला.

"बंद झालं का ते?"

"हो."

"नक्की?"

"नक्की, काकू."

काकूंनी पदर खोचला आणि पुढे सरकल्या. "हां. आता इचार!"

*

आंबेगावच्या पश्चिमेला, पार डोंगरात, एक आजी नाचणी पाखडत बसली होती. मी काही विचारायच्या आत तिनंच सुरू केलं. लगीन कधी झालं? पोरं किती? एवढी वर्सं शिकतीस, नवरा काय बोलत न्हाई व्हय? मी आपली मुकाट उत्तरं देत गेले.

सगळं लिहून काढून गाइड मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला.

"मुलाखत उत्तम झालीय. पण कुणाची?"

*

चौथ्या वर्षी मात्र हसू आटलं. मॅडमनी दोन प्रकरणं परत पाठवली, वर फक्त "पुन्हा लिहा". मी घरी जाहीर केलं, "बास. सोडून देते."

सासरे म्हणाले, "तुझ्या मनावर हाय."

आत्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सोड की. पन मग त्या लोणीच्या बाईला जाऊन सांग, तुझं बोलनं वाया गेलं म्हनून. म्या न्हाई यायची संगं."

मी भरपूर रडले. मग लॅपटॉप उघडला.

*

व्हायवाला आत्या हट्टानं आल्या. नवी साडी, मागच्या रांगेतली खुर्ची. बाहेरून आलेले परीक्षक आवाजानं सौम्य होते, प्रश्नानं नव्हते.

"बाकी ठीक आहे. पण मुलाखतीसाठी घरं कशी निवडलीत? प्रबंधात लिहिलंय ते मला पटलं नाही."

पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. मॅडम टेबलाकडे बघायला लागल्या.

मागून आवाज आला, "म्या सांगू का, सायेब?"

अख्खा हॉल मागे वळला. आत्या उभ्या राहिल्या होत्या.

"पयल्या घरी चुकलो, तवापासनं दारातल्या चपला बघायच्या. गडीमानसाच्या चपला दिसल्या की आमी त्या घरात जायचो न्हाई, फुडं जायचो. तितं बाई खरं बोलत न्हाई. चपला गेल्या की मागारी यायचो."

कुणी हसलं नाही. परीक्षकांनी माझा प्रबंध मिटून बाजूला सारला, एक कोरा कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"मावशी, परत सांगा. जरा सावकाश."