जिन्याखालचं देवाचं लाकूड

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता, एका बुधवारी सकाळी, आंटीचा उजवा पाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीतून आरपार खाली गेला. लाकूड मोडल्याचा आवाज काही झालाच नाही. चहात जास्त वेळ राहिलेली खारी जशी गपकन बसते, तशी पायरी बसली. मी आत पोहे भिजवत होते. बाहेर येऊन बघते तर आंटी एक पाय जिन्यात, एक पाय जिन्यावर अशी उभी, आणि हातातली पिशवी माझ्या दिशेने लांब केलेली.

"वैनी, आधी पापलेट धर," ती म्हणाली. "मग माझं बघ."

मी पापलेट धरलं, मग तिला बघितलं. पोटरीला खरचटलं होतं, बाकी काही नाही. चप्पल मात्र आत पडली होती, आणि ती काढायला कुणी जिन्याखाली वाकू नये अशी माझी फार इच्छा होती. ती का, ते सांगतेच.

आमचं घर गिरगावातल्या एका गल्लीत आहे. समुद्र इथून चालत दहा मिनिटांवर. घर दुमजली, बरंचसं लाकडाचं. वर आंटी राहते, खाली आम्ही. घर तिच्या सासऱ्यांचं. मुंबईत आम्हां सगळ्यांच्या आधीपासून असलेली ती माणसं. आम्ही मालवणकडचे, माझे सासरे गिरणीत लागले तेव्हा भाड्याने आले ते इथलेच झाले. वर जायचा जिना घराच्या बाहेरून आहे आणि त्याचा पायथा बरोबर माझ्या दाराशी. माझी मुलं तिला आंटी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. खरं तर ती माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी, पण ही तीन वर्षं ती गेली पंचेचाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरते आहे.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता इतकं कळत नाही. त्या मुलीला बघितलं की आज मला हात जोडावेसे वाटतात, आदराने नव्हे, "बाई, बस कर" म्हणायला. गणपतीला दर वर्षी नवं मखर हवं, असा तिचा हट्ट. आमच्या ह्यांना सुतारकामाची हौस. बायको नवी, त्यामुळे हौसेला सीमा नव्हती. एक वर्ष महाल, एक वर्ष रथ, एक वर्ष चक्क होडी. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या आणि मी "छे हो, घाईघाईत केलंय" असं म्हणत प्रत्येकीला दोनदा दाखवायची.

विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सासूबाई कोयता घेऊन मखरापाशी बसल्या. घरात तेव्हा पाणी तापवायचा बंब होता.

"अगोबाई, हे काय करताय?" मी ओरडले.

"देव गेले. लाकूड राहिलं. पाणी तापवते."

"देवाच्या मागे उभं राहिलेलं लाकूड जाळायचं? पाप लागेल, आई!"

सासूबाईंनी आयुष्यभर उपास केले, देवाचं सगळं केलं. त्यांना पाप शिकवणारी मी पहिलीच. त्यांनी कोयता खाली ठेवला. "मग ठेव उराशी," म्हणाल्या आणि उठल्या.

उराशी नाही, मी ते जिन्याखाली ठेवलं. पुढे सवडीने चौपाटीवर नेऊन सोडू, असं ठरवून. सवड काही झाली नाही, पण मखरं दर वर्षी झाली. महालावर रथ, रथावर होडी. मग गल्लीत बातमी पसरली की वैनींकडे देवाचं लाकूड ठेवतात. कुणाचा तीन पायांचा चौरंग आला, कुणाचा दार निखळलेला देव्हारा, कुणाच्या आजीचा पाट. टाकवत नाही आणि घरात जागा नाही, अशा सगळ्यांची सोय झाली. मला कोण अभिमान! एखाद्या देवस्थानाची विश्वस्त असल्यासारखी मी जिन्यापुढे पडदा लावला. शिवाय रोज सकाळी दारापुढे बादलीभर पाण्याचा सडा. दारापुढे ठीक होतं, पण जिन्याच्या पायथ्याशीही दोन तांबे जास्त ओतायची. वरच्या बिऱ्हाडालाही आपल्याकडची थोडी पवित्रता लाभावी, हा उदार हेतू.

मग भिंतीवर मातीची रेघ दिसू लागली. काडीएवढी जाड, जिन्यापासून वर निघालेली. मी ओल्या फडक्याने पुसली. चार दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा पुसली. असं काही वर्षं चाललं. माझ्या चिकाटीपुढे ती हरेल अशी मला खात्री होती. ती हरेना तेव्हा मी कारण शोधलं. वरच्या कठड्यापाशी आंटीच्या नऊ कुंड्या होत्या. त्यांत तिच्या आईच्या अंगणातली अबोली होती.

"आंटी, तुझ्या कुंड्यांचं पाणी खाली झिरपतं. त्यानेच वाळवी येते."

"येत असेल बाय," ती म्हणाली. संध्याकाळी तिने नऊच्या नऊ कुंड्या चर्चच्या आवारात नेऊन दिल्या. मी जिन्याला आणि भिंतीला तपकिरी ऑईलपेंट मारून घेतला. रेघ काही काळ दिसेनाशी झाली. प्रश्न सुटला, असं मी सगळ्यांना सांगितलं. आंटीने त्या जागी पुन्हा काही लावलं नाही, हे माझ्या बरीच वर्षं लक्षातही आलं नाही.

तर, पायरी बसली आणि रविवारी तिचा मुलगा वसईहून आला. चांगला आहे हो, माझ्या हातचं खाऊनच वाढलाय. पण चांगल्या मुलांना आईची काळजी वाटू लागली की फार कठीण.

"मम्मा, आता बास. घर जुनं झालंय, त्यात समुद्राची हवा. आतून सगळं पोखरलंय. आज पायरी गेली, उद्या खोली जाईल. माझ्याकडे लिफ्ट आहे. पुढच्या रविवारी टेम्पो आणतो."

आंटी लसूण सोलत होती. "बघू," एवढंच म्हणाली. चाळीस वर्षांपूर्वी ती "बघू" म्हणाली असती तर त्याचा अर्थ "नाही" असा असता. आता मला तो अर्थ लागेना. ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली. मुलं आपापल्या गावी. रोज उठून जिच्याशी वाद घालावा अशी या गल्लीत एकच बाई उरली होती, आणि ती टेम्पोत बसायच्या बेतात होती.

म्हणून दुसऱ्याच दिवशी मी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. आंटी तेव्हा वर झोपली होती. माणूस तिशीचा, कमी बोलणारा. त्याने भिंतीवरची रेघ बघितली, स्क्रूड्रायव्हरने दोन बोटं लांब तुकडा पाडला.

"हात लावू नका आजी. तीन दिवसांनी बघतो. परत बांधली तर आत जिवंत आहे."

"मी पुसते ना रोज."

"पुसून रस्ता जातो. गाव कुठे जातं?"

तीन दिवसांनी तो आला तेव्हा आंटी चर्चला गेली होती, आणि रस्ता दुरुस्त झालेला होता. आमच्या गल्लीतला सुद्धा इतक्या लवकर होत नाही. मग त्याने पडदा बाजूला सारला आणि बॅटरी घेऊन आत वाकला.

"आजी, हे कुणाचं?"

"देवाचं," मी म्हटलं.

त्याने एक फळी ओढली. होडीची. वरचा सोनेरी कागद जसाच्या तसा, आत लाकूड म्हणून काही नव्हतं, नुसती माती. फळी हातातच दुमडली आणि तांदळासारखे पांढरे जीव सैरावैरा पळू लागले.

"आणि इथे ओल कशाची?"

मी सड्याचं सांगितलं.

"म्हणजे जेवणही तुमचं आणि पाणीही तुमचं."

मला शेवटची एक आशा होती. "वर कुंड्या असल्या, त्यांचं पाणी झिरपलं, तर त्यानेही येते ना?"

"वरचं पाणी वरच सुकतं आजी, वारा बघा केवढा आहे. हिला जमिनीतली ओल लागते आणि जमिनीला टेकलेलं लाकूड."

मग तो भिंतीला धरून, खालच्या पायऱ्या टाळत वर गेला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक पायरी ठोकत, वरचे वासे ठोकत. खालच्या चार पायऱ्या ढब ढब वाजल्या. पाचवीपासून वर टणक. "हे अस्सल सागवान आहे. खालच्या चार नंतर कधीतरी साध्या लाकडाच्या बसवल्यात, त्या गेल्या. खाली कडेने फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडू, वरच्या लाकडालाही देऊ. नव्या पायऱ्या दगडावर बसवा, मातीवर नको. आणि हे सगळं आधी हलवा."

"म्हणजे घर चांगलं आहे?"

"घराला काही झालेलं नाही. जे झालंय ते शेजारामुळे," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता हात पुसू लागला.

आता पंचाईत बघा. घर चांगलं आहे हे सांगितलं की आंटी राहणार. पण घर चांगलं आहे हे सांगायचं तर वाळवी आली कुठून, हेही सांगायला हवं. गुरुवार आणि शुक्रवार मी दुसरे गुन्हेगार शोधण्यात घालवले. गल्लीतलं गटार. शेजारच्या इमारतीचा पाया. आमच्या आधीचे भाडेकरू, जे बिचारे केव्हाच वारले असतील. शनिवारी पहाटे उठून ढीग गुपचूप हलवायचं ठरवलं, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. एकवीस वर्षांच्या बाईने भरलेलं सत्तरीकडे झुकलेल्या बाईला उपसायला लावणं हा त्या मुलीचा शुद्ध चावटपणा.

रविवारी टेम्पो आला. आंटी चांगला फ्रॉक घालून, गळ्यात क्रॉस नीट करून माझ्या दारातल्या खुर्चीवर बसली होती. पायाशी बॅग. मुलगा वरून खोके उतरवायला निघाला.

"थांब रे," मी म्हटलं. "टेम्पो आलाच आहे तर आधी माझं सामान भर."

"तुमचं कुठलं, काकी?"

मी पडदा ओढला. आणि मग सगळं सांगितलं. महाल, रथ, होडी, कोयता, सडा. म्हटलं, वाळवी तुझ्या घराची नाही, माझ्या पुण्याची आहे. घर जुनं आहे पण धडधाकट आहे, पाचवीपासून वर सागवान आहे, हवं तर त्या माणसाला फोन कर. कुंड्यांचं राहिलं होतं. तेही सांगितलं, पण ते आंटीकडे बघून सांगता आलं नाही, टेम्पोच्या चाकाकडे बघून सांगितलं.

मुलाला हसावं की चिडावं ते कळेना. तो कठड्याला धरून वर गेला आणि पाचव्या पायरीवर सगळ्या वजनानिशी दोनदा उडी मारली. वजन भरपूर आहे त्याचं. पायरी हलली नाही. आठवीवरही मारली.

आंटी खुर्चीतून म्हणाली, "देवाचं होतं तर देवाघरी ठेवायचं होतंस. माझ्या जिन्याखाली काय म्हणून?"

"चुकलं."

"काय म्हणालीस?"

"चुकलं म्हटलं!"

"नीट ऐकू येत नाय हल्ली," ती म्हणाली. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

मुलाने पेस्ट कंट्रोलवाल्याशी फोनवर बराच वेळ बोलून घेतलं आणि टेम्पोत माझं पंचेचाळीस वर्षांचं पुण्य भरलं. दोन फेऱ्या लागतील असं वाटलं होतं. पण आतून पोकळ असल्यामुळे एकाच फेरीत मावलं. कुणा मित्राच्या वाडीत नेऊन त्याने ते जाळलं. मी टेम्पोला हात जोडले. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढ्यात अख्ख्या गल्लीची आंघोळ झाली असती.

औषध सोडलं, नव्या पायऱ्या बसवल्या, त्याला आठवडा गेला. तेवढे दिवस आंटी माझ्याकडे होती. माझी उशी कठीण, माझा चहा पांचट, माझ्या सोलकढीत नारळ कमी. मी सगळं ऐकून घेतलं, कारण मी तेव्हा पश्चात्तापात होते. शेवटच्या संध्याकाळी तिने बॅग भरली. वर जायच्या आधी चहा घेतला, पांचटच.

"तिथे लिफ्ट होती गो, वैनी," ती कपात बघत म्हणाली.

"म्हणजे?"

"गुडघ्यांना बरं पडलं असतं. नात आहे. खिडकीतून झाडं दिसतात. मी मनाने अर्धी गेले होते. आणि तू भर गल्लीत पडदा ओढून बसलीस. तुला कुणी विचारलं होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, तर तीही आगाऊपणात जमा. ती हे चेष्टेने म्हणाली की खरं, ते तिच्या तोंडावरून कळेना. तिच्या तोंडावरून मला कधीच काही कळलेलं नाही. नऊ कुंड्या उचलून नेताना तरी कुठे कळलं होतं.

"मग जा की," मी म्हटलं.

ती उठली. नव्या पायरीवर पाय ठेवून थोडी थांबली, वजन टाकून बघितलं, मग दुसरीवर चढली. चौथीवर जाऊन वळली.

"उद्या बुधवार. साडेसातला मासळीबाजारात. उशीर केलास तर मी वसईला जाईन हां."

मी सव्वासातलाच पायथ्याशी जाऊन उभी राहिले.