वरून पाहिलेला बाजार

सोलापूरच्या दवाखान्यातून भाच्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. नेमकी तेवढ्यात खालून भाजीवालीची हाक आली, "आजी, दुरडी सोडा की!" मी गॅलरीत गेलेच नाही. दोन हाका मारून ती पुढं निघून गेली.

अक्का माझी थोरली बहीण. धाराशिवच्या भर पेठेत आमच्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, कापडाचं दुकान होतं आणि दुकानावरच आमचं घर. अक्काला पदर आला आणि तिचं पुढचा जिना उतरणं बंद झालं. कुठं जायचंच झालं तर मागच्या बोळातून, आईबरोबर. मी शेंबडी पोर, मला सगळा बाजार मोकळा... अक्काच्या वाट्याला एक खिडकी. पण ती हट्टाची. दोरीला बांबूची दुरडी बांधून तिनं बाजारच वर ओढून घेतला. पेरू, गजरे, गरम जिलेबी, सगळं दुरडीतून यायचं. कासाराकडं मापाला जुनी बांगडी जायची आणि कागदात गुंडाळलेल्या नव्या बांगड्या वर यायच्या. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी रुमी टोप्या अजून दिसायच्या. अक्का माणसं टोपीवरून, फेट्यावरून, नाहीतर टकलावरून ओळखायची. "ते बघ, अत्तरवाले चाचा आज उशिरा आले," म्हणायची. चाचांचा चेहरा तिनं कधी नीट पाहिलाच नव्हता.

लग्न होऊन ईट गावी सासरी निघाली त्या दिवशी ती पहिल्यांदा पुढच्या जिन्यानं उतरली. "बाजार बघितलास का?" असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "पदर हितपर्यंत ओढलेला. लोकांचे पाय बघितले नुसते." पुढचं आयुष्य शेतात गेलं. माहेरी आली की म्हणायची, एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी हिंडायचंय. मी मास्तरीण झाले, रोज त्याच पेठेतून शाळेत जायचे. तिचं मात्र कधी सुगी, कधी सुनांची बाळंतपणं, कधी भावजींचं आजारपण... राहूनच गेलं.

गेल्या वर्षी गुडघे अगदीच गेले, तेव्हा औषधपाण्यासाठी भाच्यानं तिला माझ्याकडं धाराशिवला आणलं. "आधी बाजार, मग घर," म्हणाली. रिक्षातून उतरून माझ्या हाताला धरून थोडं चालली आणि थांबली.

"ह्यो न्हाय गं. आपला बाजार कुठंय?"

"हाच की, अक्का."

"ह्यो? खालनं कसा वळकू म्या?"

आमच्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत, खाली मोबाईलचं दुकान. दुकानदार भला माणूस. "आजी, वरून बघायचंय का? चला, मी धरतो," म्हणाला. अक्कानं पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा काही उचलेना. मग म्हणाली, "तवा खाली उतरू दिलं न्हाय, आता वर चढवंना." आणि हसली. मला मात्र रडू आवरेना. चिडायचं तरी कुणावर? दादा गेले, आई गेली, घर गेलं. भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी तिला खुर्चीत बसवून चढवलं. त्यानंतर ती उतरली ती सोलापूरला दवाखान्यात नेलं तेव्हाच, तीही खुर्चीतच. पण मधल्या दिवसांत माझ्या गॅलरीतून दुरडी खाली सुटायला लागली. भाजीवालीला ती भांगावरून ओळखायची. "आज तेल लावलंस व्हय गं?" असं वरून विचारायची, मग दोघी हसायच्या.

त्या फोनला महिना होऊन गेला. भाजीवाली रोज हाक मारते आणि मी आतच बसून राहते. काल म्हटलं, सांगून टाकू. गॅलरीत गेले आणि नुसतीच दुरडी सोडली. तिनं मेथीची जुडी ठेवली, वर मूठभर बोरं टाकली आणि मान वर करून म्हणाली, "मोठ्या आजीला बोरं दिल्यात, पैसं न्हाईत त्याचं. बऱ्या हायती न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले आणि दोरी ओढत राहिले.