लाल खांद्याची मादी

१९९४ साल. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा. शाळा तिसरीत सुटली, पण तार वळण्यात अख्ख्या बेंगळूरात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आजही नाही. बाजारामागच्या गल्लीत माझं पिंजऱ्यांचं दुकान होतं. मोठा पहाडी पोपट, तो खांद्यावर लाल डाग असलेला, बांबूची टोपली बघता बघता फोडतो. माझी कडी मात्र त्याच्या चोचीला कधी उघडली नाही.

पोपट विकायला तोवर बंदी आली होती. धंदा थांबला नाही, नुसता पोत्याआड गेला. समोरचा पाखरंवाला जंगलातून पिल्लं आणवायचा. आणणारे झाडच पाडायचे, म्हणजे ढोली हाताशी येते. पुढच्या वर्षी पोपटांनी अंडी कुठं घालायची, त्याचं कोणाला काय! त्या खेपेला पिल्लांबरोबर त्यांची आईही सापडली.

तिच्यासमोरच तो एकेक पिल्लू विकत होता. पिल्लू पिशवीत गेलं की ती तारेवर चोच आपटायची. शेवटचं गेलं तेव्हा चोचीतून रक्त आलं.

मी म्हटलं, "आता हिला सोड."

"मी कुठं धरलीय अण्णा? तुमच्या कडीनं धरलीय!"

गल्ली हसली.

"सोडत नसशील तर आजपासून तुला माझा पिंजरा नाही."

तो मग गोड हसला. "सरी अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. न्या. तुमच्याच हातानं सोडा."

संध्याकाळी घराकडे जाताना तिला के. आर. पुरमच्या तळ्यावर नेलं. पिंजऱ्याचं दार उघडलं. ती काठावर आली, पंख पसरले, आणि तेव्हा मला दिसलं. उडायची पिसं कापलेली. कडेची दोन तेवढी ठेवलेली, म्हणजे पंख मिटले की गिऱ्हाइकाला कळत नाही. ती चिखलात पडली, फडफडत पुढे सरकली. मी पोचायच्या आत कावळे पोचले. त्यांनी डोळ्यांपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखरंवाला दात कोरत विचारतो, "काय अण्णा, कुठवर उडाली?"

मी त्याच्यासाठी तयार ठेवलेल्या सगळ्या पिंजऱ्यांच्या कड्या त्याच्यासमोर पकडीनं तोडल्या, आणि उरलेल्या तारेचा उंदराचा सापळा वळायला बसलो.