चौदाच्या मॉडेलची जीप

चहा घ्या आधी. आता जो गाढवपणा सांगणार आहे तो ऐकताना तुम्हाला ठसका लागणार आहे, तेव्हा कप जरा सांभाळून. कपही माझे आणि गाढवपणाही माझाच.

तर, मी सिल्वासात एकटा राहतो. नोकरीसाठी हो! बायको सुनीता नाशिकला शाळेत शिकवते, मुलगी मनवा तिच्यापाशी राहून कॉलेजात जाते. मी गलोंड्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर बरण्यांची झाकणं तपासायची आणि संध्याकाळी सामरवरणीच्या फ्लॅटवर येऊन वाटीभर तांदळाचा कुकर लावायचा. एकट्या माणसाचा कुकर लावून बघा कधी. शिट्टी झाली तरी 'अगं, बंद कर' म्हणायला कोणी नसतं.

सुट्टीचा दिवस तर विचारूच नका. शनिवारी वॉचमनला 'चलो' म्हटलं की पुढचं वाक्य थेट सोमवारी. मधे आवाज शाबूत आहे ना, हे बघायला मी एकदा मुद्दाम खोकून घ्यायचो.

फोनवर म्हणायचो, "या ना गं चार दिवस."

मनवा म्हणायची, "बाबा, तिथे येऊन करायचं काय? झाकणं बघायची?" एकदा मात्र बोलता बोलता म्हणाली, "जीप असती ना, तर मजा आली असती. जंगल, दुधनीचं पाणी, वासोण्याच्या सफारीतले सिंह!"

सहज म्हणाली हो ती. पण माझ्या डोक्यात जीप शिरली ती शिरलीच. जीप घेतली की दोघी येणार, आल्या की रमणार, रमल्या की पुन्हा येणार! पुढचं सगळं मी ठरवूनही टाकलं.

नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची, तर कोणत्या सालची? इथे माझा क्वालिटीवाला किडा वळवळला. जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायचो. बाराच्या मॉडेलचा पत्रा गंजतो. तेराचा गिअरबॉक्स कुरकुरतो. पंधराच्या मागच्या सीटा बसच्यासारख्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. सोळाच्या पुढे नको तितकी वायरिंग. उरलं चौदाचं! इंजिन दणकट, स्प्रिंगचे पाटे मजबूत, आणि मागे आडव्या सीटा, समोरासमोर बसून गप्पा मारता येतील अशा. गप्पा म्हटल्यावर मी चौदावर शिक्कामोर्तबच केलं. गप्पा मारणार कोणाशी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

नरोलीच्या एका गाडीवाल्याकडे चौदाची फोर बाय फोर उभी होती. मी दर रविवारी बॅटरी घेऊन तिच्याखाली आडवा व्हायचो. चासीवरचा नंबर बघ, पत्र्याला लोहचुंबक लावून बघ, पाट्यांवर टकटक कर. शेवटी तो वैतागला.

"साहेब, गाडी लेनी है के पोस्टमॉर्टम करना है?"

घेतली! सगळं तपासून घेतली. फक्त एक विचारायचं राहिलं, की ही जीपबाई इतकी वर्षं करत काय होती? स्थळ बघायला जावं आणि मुलाचं फक्त जन्मसाल विचारून परत यावं, तसलाच प्रकार.

सोमवारी ऐटीत कारखान्याला निघालो. सामरवरणीच्या नाक्यावर गतिरोधकाशी हळू केली आणि हॉर्न दिला. हॉर्न कसला, म्हशीला उचकी लागावी तसा आवाज. तोच पाच-सहा बायका डब्याच्या पिशव्या सावरत धावत आल्या, मागचं दार उघडून चढल्यासुद्धा! एक ठसठशीत मावशी पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या आणि पदर खोचून अहिराणीत म्हणाल्या, "इतला दिन कठे व्हती ही गाडी?"

"अहो मावशी, ही माझी..."

"गलोंडा जाशी ना?"

"जातोय, पण..."

"मंग चाल ना भाऊ! कामनी पाळी चुकी जाई."

उलगडा झाला. माझी चौदाची जीप म्हणजे सामरवरणी ते गलोंडा अशी भाडं घेऊन बायकांना कामावर नेणारी वडाप! आधीचा ड्रायव्हर ती विकून गावाला गेला होता. बायकांनी हॉर्न ओळखला, त्यांना वाटलं गाडी पुन्हा सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, उतरवायचं सगळ्यांना. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "दादा, नाष्टा केला का?"

अहो, सकाळी सकाळी मला असं विचारून किती दिवस झाले होते कोणी! मी गुपचूप गिअर टाकला.

गलोंड्याला उतरताना मावशींनी भाडं पुढे केलं. "छे छे, पैसे नकोत," मी हात जोडले. इथेच माशी शिंकली. फुकट गाडीची बातमी पसरायला वेळ लागतो होय? दोन दिवसांत मागे चिमटीभर जागा उरेना.

आणि खरं सांगू? मला आवडायला लागलं. मावशी साक्रीकडच्या, गलोंड्यात धाग्याच्या कारखान्यात होत्या. पुढची जागा कायम त्यांची. आणि मी सुटायचो! बाराचा पत्रा, तेराचा गिअरबॉक्स, पंधराच्या सीटा, सगळं समजावून सांगायचो. सगळ्या जणी इतक्या शांतपणे ऐकायच्या, की वाटायचं, काय ही जिज्ञासा! संध्याकाळी परतीच्या वेळी साहेबांनी मीटिंग लावली तर मी घड्याळ बघायचो. एकदा तर तोंडातून निघून गेलं, "सर, मंडळी खोळंबतील."

अशात शाळेला सुट्टी लागली आणि सुनीता-मनवा खरंच आल्या! मी एका दिवसाची रजा टाकली. सकाळी वासोण्याला सिंह बघायला जायचं ठरलं. फ्लॅट झाडला, नवीन चादर घातली, जीप दोनदा धुतली. फक्त जीपमधल्या मंडळींना रजेचं सांगायचं राहिलं.

नाका आला. गतिरोधक आला. आणि सवयीचा गुलाम, माझा हात गेला हॉर्नवर!

मनवा मागे बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंनी बायका चढल्या. पुढचं दार उघडलं गेलं.

"ओ ताई, मांगे बस ना," मावशी सुनीताला म्हणाल्या. "हाई मनी जागा शे."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहिलं. ती उतरली आणि मागे जाऊन बसली.

गाडी निघाली. मावशी मागे वळून आवाज खाली करून बोलू लागल्या. खाली म्हणजे मागच्या ट्रकवाल्याला ऐकू जाईल इतपत.

"ताई, हाऊ भाऊ भला माणूस शे. पैसा लेत नही. बिचारानी बायको सोडी गयी ना!"

मी जीप सरळ खड्ड्यात घातली.

"असं का? त्यांनी सांगितलं?" सुनीताचा आवाज अगदी गोड. हा आवाज मी ओळखतो.

"सांगानं काय त्यामा? डबामा रोज खिचडी. शर्टले बटन नही. घरमा माणूस ऱ्हातं तं इतलं बोलतं का कोनी? तुना घरमा कोन शे?"

"मी आणि मुलगी."

"आनि मालक?"

"ते परगावी असतात. सणावारी येतात."

मावशी चुकचुकल्या. "मंग तोबी सोडी गया समज." मग त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "हाऊ भाऊ वाईट नही. इचार कर."

मनवाने ओढणी तोंडात कोंबली होती. सुनीता म्हणाली, "करते हं विचार."

मंडळी गलोंड्याला उतरली. आम्ही वासोण्याला पोचलो. तिथे कळलं, की सिंहांच्या आवारात खासगी गाडी नेता येत नाही. माझी चौदाची फोर बाय फोर पार्किंगमध्ये आणि आम्ही सफारीच्या बसमध्ये!

बसमध्ये सुनीता म्हणाली, "चौदाचंच मॉडेल का घेतलंत?"

मला वाटलं, वादळ टळलं. मी सुरू झालो. इंजिन, पाटे, आडव्या सीटा. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आता एक सांगा. आपण सलग महिनाभर एका घरात राहिलो, असं शेवटचं साल कोणतं?"

बोनेटचं बिजागर बघून साल सांगणारा मी! बाहेर सिंह जांभई देत होता, मनवा त्याचे फोटो काढत होती, आणि मला ते साल काही केल्या आठवेना.

"मला इथे फार एकटं वाटतं गं," मी म्हणालो.

"मग हे सांगायचंत ना! फोनवर नुसते पाटे आणि गिअरबॉक्स. मला वाटायचं, मजेत आहात." तिचे डोळे भरले होते. ते पुसून ती म्हणाली, "सगळी सुट्टी राहतो आम्ही. आणि खिचडी बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो, तशी मंडळींना भेटायला तीही निघाली, पुढच्या सीटवर. नाक्यावर मावशींनी दार उघडलं.

"ताई, इचार पक्का व्हयना का?"

"मावशी, सोडून गेलेली बायको ती मीच."

मावशींनी कपाळावर हात मारला, मग अशा हसल्या की अख्खा नाका वळून बघायला लागला. "बस माय, बस. आते तुनी जागा शे!" असं म्हणत त्या मागे जाऊन बसल्या.

मला इतका आनंद झाला, की मी आरशात बघून म्हणालो, "मावशी, काल सांगायचं राहिलं, चौदाच्या पाट्यांचं असं आहे..."

"ओ भाऊ!" मावशी मागून ओरडल्या. "घरवाली उनी ना? मंग आते तिले सांग. आम्ही आजपाईन पैसा देसूत."

"पैसे? अहो, मी कधी भाडं घेतलंय का तुमच्याकडून?"

"नही कसं? रोज ते चौदानं पुराण ऐकी ऐकी भाडं दिन्हं ना!"

आडव्या सीटांवरच्या सगळ्या माना एकदम डोलल्या. इतके दिवस मी समजत होतो, मी यांना फुकट नेतोय!

सुनीताने मागे वळून हात जोडले. "मावशी," ती म्हणाली, "मग माझा तर जन्मभराचा पासच काढावा लागणार."