फौजीकाकांचं बी.ए.

आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात चहाच्या टपरीवर चौघं जमले की फौजीकाकांचा एक किस्सा निघतोच. एकानं सांगितला की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो! आता इतके साठलेत की लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काका जवळच्या बेला गावचे. सतरा वर्षं फौजेत, शेवटी श्रीलंकेत. पेन्शनवर आले आणि थेट कॉलेजात बी.ए.चा फॉर्म मागायला हजर. शाळेत मास्तर व्हायचं होतं, पण फी भरून शिकणं जमणारं नव्हतं. क्लार्क म्हणाला, "उम्र निकल गई, चाचा."

काकांनी खिशातून सरकारी कागदाची घडी काढली. माजी सैनिकाला एक जागा राखीव, वयाची सूट, फी माफ!

क्लार्कनं दोनदा वाचलं. मग कपाटातून तोच कागद काढला. "ये तो हमारे पास भी है!"

वर्षानुवर्षं पडून होता. गावोगावी कुणी सांगितलंच नाही, मग मागणार कोण? मी रांगेत मागंच होते, माझं डोकंच फिरलं. काका शांत. क्लार्कनं बजावलं, "एक सब्जेक्ट में भी फेल, तो माफी खतम."

काका म्हणाले, "मंजूर."

*

पहिला तास इकॉनॉमिक्सचा. सर तेलुगू, काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान. सर आले, आम्ही उठलो, बसलो. काका उभेच. तासभर उभ्यानं नोट्स घेतल्या!

"काका, बसले काऊन नाही?"

"सरनं बसा म्हटलंच नाई, पोरी."

दुसऱ्या दिवसापासून सर खडू उचलायच्या आधी म्हणायचे, "काका, कूर्चोंडी!" मगच काका बसायचे.

*

लायब्ररीला कायम कुलूप. आत पसारा आहे, हे कारण. आम्ही वर्गावर बहिष्कार टाकला, मी दणदणीत भाषण ठोकलं. काका म्हणाले, "मागणी बरोबर हाये," आणि चावी मागून आत गेले. चार वाजता धुळीनं माखून प्रिन्सिपलसमोर उभे. "साफ झाली, साहेब. आता उघडी ठेवू?"

माझं भाषण तेव्हाही चालूच होतं!

*

काकांचं घोडं अडायचं इंग्रजीत. त्यांची नववीतली पोरगी रोज संध्याकाळी त्यांची परीक्षा घ्यायची. शिक्षा काकांनीच ठरवलेली: एक उत्तर चुकलं की पळत गावाला एक चक्कर. पारावरचे लोक मोजायचे. "आज सात! काका, इंग्रजी लय कच्चं दिसून राह्यलं!"

एका संध्याकाळी काका दिसलेच नाहीत. पारावरचे दोघं काळजीनं घरी गेले. "बाबाची तब्येत बरी हाये ना?"

पोरगी दारातच नाचत होती. "आज सगळं बरोबर आलं!"

*

इंग्रजीच्या शेवटच्या पेपरात काका पास झाले, हे आधीच सांगून टाकते, मला दम धरवत नाही. पण पेपर सुटला तेव्हा आमचा जीव टांगणीला लागला होता. दहा मार्कांचा प्रश्न होता: आजारी असल्यानं सुट्टी हवी, असा प्रिन्सिपलना अर्ज लिहा.

"काका, हा तर तुम्हाला पाठ होता!"

"होता. पण मी बिमार कुठं हाओ?"

"परीक्षेत लिहायचं असतं तसं! माफी गेली तर?"

"सुट्टीच्या अर्जात खोटं? फौजेत कदी नाई लिवलं, इथं लिवू?"

"मग कोरं सोडलं?"

"काऊन? लिवला न अर्ज."

काका ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणून दाखवला. मराठीत सांगायचा तर एवढाच:

"माननीय साहेब, मी ठणठणीत आहे. मला सुट्टी नको. उद्या वेळेवर हजर राहीन. आपला आज्ञाधारक विद्यार्थी."